भावजय निजली आहे

१२ नोव्हेंबर १९३८, शहापूर

निपाणीहून मोटारीनं आले. परसू रेल्वे फाटकापाशी घ्यायला उभा होता. माझा पाठचा भाऊ, पण मला बघून त्याच्या तोंडावर हसू उमटलं नाही. माझी ट्रंक खांद्यावर घेतली आणि पुढं चालू लागला. घरात नक्की काय झालंय ते सांगेना. "तूच बघ आक्का," एवढंच.

बघितलं. माझी भावजय जयवंता मधल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजली होती. अंगाला हात लावला, ताप नाही. खोकला नाही. दिवस गेलेत का तेही विचारून घेतलं, नाहीत. केसांच्या जटा झालेल्या, अंगावरचं लुगडं कधी बदललं होतं देव जाणे. चुलीपाशी खरकटी भांडी आणि त्यांच्यावर माश्या. दिवाळीपासून हे असं चाललंय म्हणे. थोरली नणंद दारात आली तर माणसानं उठून बसावं. "आलात व्हय आक्का?" म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

तिची लेक अंजनी नऊ वर्षांची. केस विंचरायला जवळ ओढली तर माझ्या मनगटाला कडकडून चावली. दातांचे वळ अजून आहेत.

मी निपाणीच्या मुलींच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळते. बिनपगारी रजा टाकून आले आहे ती काही भावजयीची झोप बघायला नाही. आळसावर औषध असतं, ते वैद्याकडं मिळत नाही इतकंच. हे घर सरळ करूनच जाणार.

१४ नोव्हेंबर

घरात दोन माग, दोन्ही खड्ड्याचे. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. एकावर परसू, दुसऱ्यावर भरमू नावाचा माणूस होता तो सोडून गेला, कारण त्याला कांड्या मिळेनात. रहाटावर सूत गुंडाळून कांड्या भरणं हे विणकराच्या घरात बाईचं काम. बाई निजली की आडवं सूत नेणारा धोटा रिकामा, आणि धोटा रिकामा की माग मुका.

आज तिला दंडाला धरून उठवली आणि रहाटापुढं बसवली. बसली. सूत हातात धरलं. चाक काही फिरेना. मग डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, आवाज न करता, कौल फुटल्यावर गळतं तसं.

"तुझं कोण मेलंय का?" मी विचारलं.

"न्हाय आक्का."

"परसू मारतो?"

"देवाशपथ न्हाय. त्येंनी कधी बोट लावलं न्हाय."

"मग खायला कमी पडतं?"

"न्हाय."

"मग रडतीस कशाला?"

"मला ठावं असतं तर सांगितलं नसतं व्हय? सकाळी डोळं उघडलं की छातीवर जातं ठेवल्यागत हुतंय. वरनं कोण तरी दाबून धरल्यागत. हात उचलंना झालाय माझा."

जात्याची उपमा बरोबर सुचते, जातं ओढायला मात्र नको. मी स्वतः बसून कांड्या भरल्या. कितीतरी वर्षांनी. बोटं विसरली नव्हती.

२३ नोव्हेंबर

अंजनीला घेऊन तिच्या शाळेत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, पोर चांगली होती, पाढे घडाघडा म्हणायची. आता शेजारच्या मुलींना मारते, एकीची पाटी फोडली, काही विचारलं तर खिडकीकडं बघत बसते. मी म्हटलं, माझ्याकडं सोपवा.

शाळेला निघायची वेळ झाली की रोज हिचं पोट दुखतं. सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. असली पोटदुखी मी वर्गात ढीगभर बघितली आहे. पहिल्या दिवशी एरंडेल पाजलं. केवढा दंगा! दुसऱ्या दिवशी परत दुखलं, परत पाजलं. आज वाटी समोर धरली तर तिनं मुकाट्यानं घेतली आणि तळापर्यंत प्याली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

जिरली.

२७ नोव्हेंबर

शेजारची नागुबाई येता-जाता घरात डोकावते. आज म्हणाली, "बाहेरचं हाय हे. वडगावात एक भगत हाय, लई कडक." मी तिला दारातनंच परतवली. शिकलेल्या बाईच्या भावाच्या घरात अंगारे-धुपारे चालणार नाहीत.

टांगा करून जयवंताला कॅम्पात नेली. तिथं एक पेन्शनर डॉक्टर बसतात. त्यांनी मलाच व्हरांड्यात जायला सांगितलं. मला! आणि तिच्याशी पुष्कळ वेळ बोलत बसले. मग मला आत बोलावलं.

"बाई, ह्यांना मेलँकोलिया आहे. मनाचा आजार. हाड मोडावं तसं काहीतरी आत मोडलंय, फक्त ते वरून दिसत नाही."

"मनाला काय धाड भरलीय? काही घडलेलंच नाही हिच्या घरात."

"पुष्कळदा काही घडलेलं नसतंच. सुखाच्या संसारातही येतो. दटावू नका. एकटं सोडू नका, आडाजवळ तर नाहीच. दोन घास खाऊ देत, दारापर्यंत चालू देत, जमेल तेवढं काम हाताला असू दे. वेळ लागेल. पण बहुतेक माणसं उठतात." मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "घरात मूल आहे?"

"एक आहे. वांड आहे. चावते, मारामाऱ्या करते, शाळेच्या वेळेला पोट धरून बसते."

"मग तिच्याकडेही बघा. मोठ्या माणसाला निजता येतं. मुलाला तसं निजू देत नाही कोणी. मग त्याचं दुखणं हातापायांतून निघतं. दातांतूनही."

गुलाबी रंगाच्या टॉनिकची बाटली दिली. आळसाला इंग्रजी नाव ठेवलं की त्याला पाट-रांगोळी. आणि पोरीच्या चावण्याला आजार म्हणायचं असेल तर माझा निम्मा वर्ग इस्पितळात जायला हवा.

४ डिसेंबर

टॉनिक संपलं. भावजय होती तिथंच आहे. काल आंघोळ केली, केली म्हणजे मी घातली. अंगावर पाणी ओतताना तिची पाठ बघितली, मणके मोजता येतील अशी. जेवत का नाही विचारलं तर म्हणते, "चव लागंना. माती खाल्ल्यागत लागतंय." मी केलेल्या आमटीला कुणी आजवर माती म्हटलेलं नाही.

मी ठरवलं आहे. परसूचं दुसरं लग्न करायचं. वडगावात जयाबाई नावाची मुलगी आहे, विणकराचीच, धट्टीकट्टी, रहाटावर बसली तर दोन माग खेळवील. तिच्या बापाशी बोलून आले.

परसू मागाच्या खड्ड्यात बसूनच ऐकत होता. धोटा थांबवला.

"आक्का, तिला काय झालंय त्ये कळंपर्यंत तरी थांब की गं."

"कळलंय मला. काम नको झालंय."

"तशी न्हाय ती. गेल्या साली म्या तापानं पडलोतो तवा तिनंच घर वढलं. तुला ठावं न्हाय."

"मला ठाऊक नाही? माझा नवरा गेला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सासूनं मला जात्यावर बसवली. मी निजले का रे? मी भिंतीकडं तोंड केलं का?"

मागावर हिरव्या रंगाची, लाल काठाची साडी चढवलेली होती. मी म्हटलं, "ही नव्या बाईला ठेव. विकू नको." अंजनी तिथंच कांड्यांची पाटी घेऊन उभी होती. बरं झालं, तिनंही ऐकलं. आता तरी नीट वागेल.

११ डिसेंबर

अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

सकाळी परसू सूत आणायला बाहेर पडला. मी भाजी घेऊन परत आले तर अंजनी मागाच्या खड्ड्यात बसलेली आणि हातात सूत कापायची कातर. हिरव्या साडीचा ताणा तिनं आडवा कापला होता, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोरे दोन्ही बाजूंना मोकळ्या केसांसारखे लोंबत होते. विणकराच्या घरात असं कुणी शत्रूसुद्धा करत नाही.

मी ट्रंकेतली छडी काढली. पोर ओरडली नाही, पळाली नाही, हात आडवे धरले नाहीत. त्याचा मला जास्त राग आला. मी म्हटलं, "तुझ्या असल्या गुणांनीच तुझी आई अशी झाली!" तेव्हा मात्र तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी खोटं बोलते का खरं, हे पारखून घ्यावं असं.

मग मध्ये जयवंता आली. कधी उठली, कशी आली, कळलं नाही. पोरीवर वाकून तिला सगळी झाकून घेतली. छडी तिच्या खांद्यावर बसली. माझा हात थांबेपर्यंत आणखी एकदा बसली. मग तिनं माझं मनगट धरलं.

"आक्का. पुरे."

काय जोर हातात! भाकरीचा तुकडा उचलायला नव्हता तो जोर.

१२ डिसेंबर

आज परत निजली आहे, भिंतीकडं तोंड. काल उठता आलं, मग आज का येत नाही? हाच प्रश्न मी तिला तोंडावर विचारला.

"काल जेवढं हुतं तेवढं संपलं बघा," ती म्हणाली. "तळाचं खरवडून काढलं."

म्हणजे होतं! म्हणजे लपवून ठेवते! परसूला हे पटवून द्यायला गेले तर तो तुटलेले दोरे जोडत बसला होता, एकेक गाठ मारत. मान वर केली नाही. अंजनीला तो काही म्हणाला नाही. बापानं लाडावून ठेवलेली पोर.

१६ डिसेंबर

परसू बाजारात गेला असताना जयवंताला टांग्यात घालून खासबागेत तिच्या आईकडं पोचवून आले. अंजनीला ठेवून घेतली. पोर आमच्या घराची आहे.

जयवंताची आई मालुबाई दारात उभी राहिली, हातात केरसुणी तशीच.

"लेक दिली ती धडधाकट दिली. मोडून परत आणताय व्हय? फुटकं मडकं हाय का हे?"

"तुम्हीच बघा काय झालंय ते. आम्ही दुसरी करून घेणार आहोत."

"करा की! मास्तरीणबाई घरात घुसल्यावर आणि काय हुनार? शिकलेली म्हणत्यात हिला! आगं, दुखणाईत गायीलासुदिक असं कोण हाकलत न्हाय."

जयवंता टांग्यातून उतरली आणि आमच्या दोघींच्या मधून आत गेली, भांडण दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखी.

परसू परत आला. रिकामी वाकळ बघितली. माझ्याजवळ आला तेव्हा मला वाटलं हा आता हात उगारतो.

"तू थोरली हाईस. तुज्यावर हात उचलत न्हाय. पन तुज्या हातचं आजपास्नं खानार न्हाय."

आणि खासबागेत गेला. मालुबाईनं त्यालाही दारातनं परत पाठवला म्हणे: दुसरी करणार म्हणाली ना तुझी आक्का, आता कर. ते ऐकून मला बरं वाटलं नाही, खोटं कशाला लिहू. पण वाईटही वाटलं नाही.

२४ डिसेंबर

अंजनी सुधारली. आता चावत नाही. शाळेत कुणाला मारत नाही, पोट दुखत नाही. बस म्हटलं की बसते, ऊठ म्हटलं की उठते. केस विंचरताना हलत नाही, गुंता ओढला तरी नाही. अशी मुलगी मी वर्गात पहिल्या बाकावर बसवते.

जेवण फार कमी झालं आहे. वाढीच्या वयात होतं तसं.

आज तिच्या शाळेतल्या बाई रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "पूर्वीची दांडगी पोर बरी होती हो." काही लोकांना शिस्तीची किंमत नसते.

परसू स्वतः भाकऱ्या थापतो, जाड-जाड, करपलेल्या, आणि माझ्याकडं पाठ करून खातो. ह्या घरात माझ्याशी बोलणारी एकटी नागुबाई उरली आहे. तिचं बोलणं मला सोसत नाही.

३ जानेवारी १९३९

हे सगळं लिहून काढायला हवं. क्रमानं लिहिते.

दुपारी अंजनी शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि मधल्या खोलीत जाऊन निजली. आईच्याच जागेवर. मी म्हटलं, खेळायला जा. गेली नाही. हे नाटक आता हिनंही सुरू केलं असं म्हणत मी आत गेले, तिला उठवायला हात घातला. अंग हलकं लागलं. रिकामं दप्तर उचलावं इतकं हलकं. मी तिला चांगलं बघितलं, किती दिवसांनी कोण जाणे. गाल आत गेलेले, ओठ फुटलेले.

तिनं विचारलं, "आत्ती, म्या मेल्यावर आई उठंल न्हवं?"

तिखट-मीठ मागावं तसं विचारलं. रडत नव्हती.

मी खाली बसले. शेवटी म्हटलं, "असं कोण म्हणालं तुला?"

"कोण न्हाय." मग भिंतीशी बोलल्यागत: "दिवाळीत मला लाल रिबीन पायजे हुती. आई न्हाय म्हणाली. म्या म्हणलो, तू मर जा. दुसऱ्या दिशी ती निजली. मग पोटात दुखाय लागलं. सांगितलं तर एरंडेल दिलीस तू. ते बी पिलो. ते पिऊन जाईल वाटलं. गेलं न्हाय. तू म्हणलीस न्हवं, माज्या गुणांनी झाली म्हणून."

ती आईसारखं, इकडच्या सगळ्या बायकांसारखं, पुरुषी "म्हणलो, पिलो" बोलते. मी रोज तिचं ते व्याकरण सुधारत होते.

मी तिला उचलली. वाटेत टांगा दिसला नाही, दिसला असता तरी थांबले नसते. नऊ वर्षांची पोर कडेवर घेऊन खासबागेपर्यंत चालत गेले. लोक बघत होते. डोईवरचा पदर पडला होता तो सावरला नाही.

मालुबाईनं दार उघडलं आणि मला बघून परत लावायला लागली. मी पाय मध्ये घातला.

"मला नको घेऊ आत. हिला घे."

"आता पोर बी नको झाली व्हय?"

"मालुबाई, पोर मरायचं बोलतीय."

केरसुणीवाल्या त्या बाईचा चेहरा उतरला. बाजूला झाली. आत जयवंता खांबाला टेकून बसली होती, पुढ्यात तांदळाचं सूप, निवडायचे तांदूळ तसेच. मी अंजनीला तिच्या मांडीवर दिली आणि पोर जे बोलली ते, एक शब्द न गाळता, सांगितलं. माझं वाक्यसुद्धा.

जयवंतानं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिचा आवाज फार हळू होता, वाकून ऐकावा लागला.

"आंजे, हिकडं बघ. तू म्हणायच्या लई आदीपास्नं मला असं हुतंय. गणपतीत बी हुतं. तवा म्या तसंच काम वढत हुतो, कुणाला दिसू दिलं न्हाय. दिवाळीत वढना झालं म्हणून पडलो. तुजं न्हाय त्ये. तुज्या बाचं न्हाय. कुणाचंच न्हाय."

"मग तू माज्यासंगं बोलत का न्हाईस?"

"बोलाय तोंड उघडंना गं. तू पुढं येतीस, तुज्यासाठी जीव तुटतोय, आनि तोंड उघडंना. ह्येच दुखणं हाय माझं."

तेव्हा अंजनी रडली. केवढ्यानं! खासबाग गोळा झाली असती. मालुबाई माझ्या शेजारी उभी होती, माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझी आई बी अशीच निजलती. म्या हिच्याएवढी हुतो. मला वाटायचं, माज्यावर रुसली. कोण सांगितलंच न्हाय मला, की तसं न्हाय म्हणून." आणि मग लगेच, "आता जा तू. तुजं तोंड बघवंना मला."

गेले.

५ जानेवारी

कॅम्पातल्या डॉक्टरांकडं गेले, एकटीच. सगळं सांगितलं. ते "मी म्हटलं होतं" असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं. पोरीला काही दिवस आईजवळच ठेवा, शाळेची घाई करू नका, मरायचं बोलली तर गप्प करू नका, विचारा, असं म्हणाले. आईलाही विचारा. विचारल्यानं वाढत नाही.

"आणि तुमची तब्येत कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"माझा काय संबंध?" असं म्हणून उठून आले. आगाऊ माणूस.

वडगावला जाऊन परसूसाठी बघितलेल्या जयाबाईच्या बापाला नकार कळवला. त्यानं माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. उभी राहून ऐकलं.

१९ जानेवारी

मालुबाईनं अट घातली होती: लेक न्यायची तर मास्तरणीनं स्वतः येऊन विचारायचं. गेले. तिनं मला बाहेर पायरीवर बसवलं आणि शेजारच्या बायकांना ऐकू जाईल असं सगळं म्हणून घेतलं. शिव्यांत तिला कुठं अडत नाही. माझा चेहरा तापला होता, पण बसले. संपल्यावर म्हटलं, "झालं असेल तर पाठवता का?"

"न्या. पन आनखी एकदा छडी उचललीस तर तुजा हात तुज्या गळ्यात बांदीन."

दोघींना टांग्यात घालून आणलं. परसू दारात उभा होता. बायकोकडं बघून त्याला काय करावं कळेना, म्हणून घोड्याला थोपटत राहिला.

४ फेब्रुवारी

लोकांना वाटतं माणूस बरा होतो म्हणजे जिना चढतो. तसं नाही हे. मंगळवारी जयवंतानं दोन कांड्या भरल्या, बुधवारी डोळेसुद्धा उघडले नाहीत. मला अजून राग येतो. तोंडापर्यंत येतो, मग मी मागल्या परड्यात जाऊन भांडी घासते, राख लावून, खळाखळा. परवा परसू म्हणाला, "आक्का, तांब्या झिजंल." दीड महिन्यानं माझ्याशी बोलला. जेवलाही.

अंजनी काल चिडली आणि माझ्या हाताला चावायला आली. मी म्हटलं, "चाव. पण आधी सांग कशाबद्दल." ती विचारात पडली. मग म्हणाली, "ठावं न्हाय," आणि नुसतीच हात धरून बसली. पोटात दुखलं तर आता सांगते. मी काही पाजत नाही. शेकायला गरम फडकं देते.

जयवंता मला आवडत नाही. पूर्वीही नव्हती. तिचं ते सावकाश बोलणं, वाक्य अर्ध्यात सोडणं. पण आज सकाळी तिनं आपणहून अंजनीची वेणी घातली. वाकडी घातली. मी सुधारली नाही.

१४ फेब्रुवारी

आज निपाणीला निघणार होते. मुख्याध्यापिकाबाईंची दुसरी तंबी आली आहे. ट्रंक भरली. परसू टांगा आणायला गेला. जयवंता चुलीपुढं बसून माझ्यासाठी वाटेचं बांधत होती, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. हळूहळू, एकेक वस्तू दोनदा उचलत. मी घाई करू नये म्हणून दातावर दात ठेवून उभी.

ती म्हणाली, "आक्का, एक विचारू? रागवू नगासा."

"विचार."

"तुमचे मालक गेले तवा तुमी सतरा वर्साच्या. दुसऱ्या दिशी जात्यावर बसवलं म्हणलासा. ऐकलो हुतो म्या, निजूनच. मग तुमाला कोण निजूच दिलं न्हाय व्हय?"

"कुणाला वेळ होता?"

"आनि नंतर? मास्तरणीच्या ट्रेनिंगला असताना? निपाणीत?"

"नाही. मला तसली सवय नाही. तुझं तू बघ," मी म्हटलं. हे बोलताना माझा आवाज चढला होता. कंबर दुखत होती म्हणून टांगा येईपर्यंत जरा पाठ टेकावी असं वाटलं. तिचीच वाकळ पसरलेली होती तिथं टेकले.

पुढचं नीट सांगता येत नाही. टांगा आलेला ऐकला. परसूनं हाक मारलेली ऐकली. उठायचं होतं. हातपाय माझे होते पण माझं ऐकत नव्हते. आणि मग मी रडायला लागले. मी, मास्तरीण, अंगावर लुगडं ओढून, तोंडात पदर कोंबून. नवऱ्याचा चेहरा आठवला असं म्हणावं तर तो मला धड आठवतही नाही. कशासाठी रडले विचाराल तर सांगायला काही नाही.

जयवंतानं टांगा परत पाठवला. माझ्या अंगावर आणखी एक वाकळ टाकली आणि उशापाशी बसून राहिली. पाठीवरून हात फिरवला नाही, ते बरंच झालं. अंजनीला तिनं खूण करून बाहेर पाठवली तर ती पोर दारातच ठाण मांडून बसली, राखणीला बसल्यासारखी.

नागुबाईचा आवाज आला. नणंदबाई गेल्या का, असं विचारत ती आत डोकावत होती.

"झोपल्यात," जयवंता म्हणाली.

"आत्ता? दिवसाउजेडी? काय झालं मास्तरीणबाईला?"

"काय झालं न्हाय. झोपल्यात. तू जा." एवढा खणखणीत आवाज मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकला. "जा म्हणलो न्हवं!"

आता ऊन उतरलं आहे. मी बसून लिहिते आहे, वाकळ पायांवर तशीच. भूक नाही, पण भाकरी समोर ठेवली आहे, एक तुकडा खाल्ला. निपाणीला उद्याच्या मोटारीनं जाईन.

किंवा परवा.